गाणं कोणी बंद केलं?

मुलुंडमधल्या एखाद्या घरात सकाळी नऊच्या सुमारास हे हमखास घडतं. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब आता आईकडे आलेला असतो. डाळीच्या डब्याला टेकवलेल्या त्या टॅबवर नाट्यगीत चालू असतं. भाजणीचं प्रमाण बघायला पाककृतीचं एक पान उघडलं जातं. पानावर जाहिरातीची चौकट येते, पिठाच्या बोटानं तिची फुली दाबली जाते, आणि तान अर्ध्यात तुटून कुठल्याशा गृहप्रकल्पाचा निवेदक बोलू लागतो. त्याला गप्प केलं तरी नाट्यगीत परत येत नाही. हात धुऊन, पुसून पुन्हा प्ले दाबावं लागतं.

पहिला संशय वायफायवर जातो, दुसरा टॅबच्या वयावर. दोन्ही निर्दोष. गाण्याचं अ‍ॅपही बिघडलेलं नसतं. सगळ्या प्रकारात नियमानं वागलेलं तेच एक असतं.

संगणकावर दोन आवाज एकमेकांत मिसळतात. गाणं चालू राहतं आणि त्यावर जाहिरातही ओरडते. फोन आणि टॅबवर मात्र सोसायटीच्या पूजेतल्या माइकसारखी सोय आहे: माइक एकच, ज्याच्या हाती तो बोलणार. अँड्रॉइडमध्ये २०१० साली, २.२ या आवृत्तीपासून ही पद्धत आली. तिला ऑडिओ फोकस म्हणतात. आवाज काढू पाहणाऱ्या अ‍ॅपनं आधी तो मागायचा, आणि मागताना किती वेळासाठी हवा तेही सांगायचं.

खरी गंमत या ‘किती वेळासाठी’मध्ये आहे. घाटकोपरहून रिक्षानं निघालेल्या माणसाच्या कानात गाणी चालू असतात. मध्येच नकाशाचं अ‍ॅप डावीकडे वळायला सांगतं, तेव्हा गाणं थांबत नाही, फक्त दबतं आणि सूचना संपली की पुन्हा चढतं. फोन आला तर गाणं थांबतं, पण बोलणं संपल्यावर बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. कारण दोघांनीही फोकस तात्पुरता मागितलेला असतो. वेबपानावरच्या व्हिडिओचं तसं नाही. क्रोम ब्राउझर साधारण पाच सेकंदांपर्यंतचा आवाज किरकोळ धरतो, म्हणजे एखादं ‘टिंग’ वाजलं तर गाणं नुसतं दबतं. त्याहून लांब काही वाजलं की ब्राउझर फोकस कायमचा मागतो. त्याला पंधरा सेकंदांची जाहिरात आणि तीन तासांचा सिनेमा सारखेच. फोकस असा गेला, की गाण्याच्या अ‍ॅपनं थांबायचं आणि माणसानं सांगेपर्यंत सुरू व्हायचं नाही, असा दंडक आहे. सिनेमासाठी तो अगदी योग्य आहे. जाहिरातीच्या बाबतीत मात्र तो अंगावर येतो. आयपॅडची आतली रचना वेगळी आहे, पण ऐकणाऱ्याच्या पदरी बहुधा तेच पडतं.

पानानं न विचारता वाजणं ही जुनी खोड आहे. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर पान उघडताच पार्श्वसंगीत सुरू करणारा ‘बीजीसाउंड’ नावाचा खास टॅगच होता. सायबर कॅफेत बसून असं एखादं पान उघडलेल्यांना आजूबाजूच्या नजरा आठवत असतील. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांना याची लाज वाटायला बराच काळ जावा लागला. मॅकवरच्या सफारीनं सप्टेंबर २०१७ मध्ये आवाजासह आपोआप वाजणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, क्रोमनं एप्रिल २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सनं मार्च २०१९ मध्ये. क्रोमचा पहिला प्रयत्न थोडा फसलाही. ब्राउझरमध्ये खेळायचे अनेक गेम मुके झाले, ओरड झाली, आणि मे २०१८ मध्ये गूगलला नियमाचा एक भाग मागे घ्यावा लागला. तो पुन्हा लागू झाला डिसेंबरमध्ये.

मग आज जाहिरात वाजते कशी? बोटामुळे. वाचकानं त्या साइटवर कुठेही टॅप केलं की आवाजाला त्याची हरकत नाही, असं क्रोम गृहीत धरतो. नुसतं बोट फिरवून पान वर सरकवलं तर ते धरलं जात नाही. टॅप मात्र धरला जातो, मग तो ‘पुढे वाचा’वर असो, कुकीच्या ‘मान्य’वर असो की जाहिरात घालवणाऱ्या फुलीवर. साइट होम स्क्रीनवर आणून ठेवली असेल तर तेवढ्यावरही परवानगी मिळते. नकाराची खूण होकार म्हणून मोजणारा हा नियम कागदावर वाचताना शहाणपणाचा वाटतो, आणि जाहिरात विकणाऱ्यांना तो पुरता पाठ आहे.

बोरिवलीत हे वाचताना आकाशवाणीची विविध भारती आठवल्याशिवाय राहत नाही, कारण तिचं केंद्र तिथेच, गोराईला आहे. तिच्यावर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. पण जाहिरात कधी लावायची हे गाणी लावणाराच ठरवत होता, त्यामुळे ती दोन गाण्यांच्या मधे यायची. टॅबवर गाणं एकाचं, जाहिरात दुसऱ्याची आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

रस्त्यावरच्या भोंग्यांसाठी निदान कायदा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, आणि कुर्ल्याच्या नेहरूनगर-चुनाभट्टीतल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना ती अमलात आणायला बजावलंही. वेबपानाच्या आवाजाला जो काही चाप आहे तो ब्राउझरवाल्यांचा. त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती गाळण्याचं धोरण क्रोमनं ९ जुलै २०१९ पासून जगभर, म्हणजे भारतातही लागू केलं. आवाजासह आपोआप सुरू होणारी व्हिडिओ जाहिरात त्रासदायक प्रकारांच्या यादीत आहे. मात्र टॅप झाल्यावर वाजलेली जाहिरात आपोआप वाजली म्हणायची का, हा वाद घालायला जागा उरतेच.

वाचकाच्या हातातला उपाय सोपा आहे. अँड्रॉइड टॅबवर क्रोमच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तिथून साइट सेटिंग्ज आणि त्यातला आवाजाचा पर्याय बंद करायचा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्लेचा पर्याय आहे, तिथे ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही अडवता येतात. क्रोममध्ये आवाज सरसकट बंद केला तर ब्राउझरमधून बघायचा क्रिकेटचा सामनाही मुका होतो. पण सेटिंग्जच्या त्याच पानावर ज्या साइटना बोलू द्यायचं त्यांचे पत्ते अपवाद म्हणून घालता येतात.