‘बँडिट क्वीन’ : प्रेक्षकांचे ग्रह आणि वस्तुस्थिती

चंबळ-यमुनेच्या खोऱ्यात एके काळी दरोडेखोर म्हणून गाजलेल्या फूलनदेवी यांच्या जीवनावर शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला ‘बँडिट क्वीन’ हा चित्रपट १९९४ च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात दाखविला गेला. परंतु भारतातील सामान्य प्रेक्षकास तो तिकीट काढून पाहावयास मिळेपर्यंत १९९६ साल उजाडले, आणि या मधल्या काळात, चित्रपट पाहिलेल्या थोडक्यांची व न पाहिलेल्या पुष्कळांची मते अशी घट्ट बसली की, पुढे प्रत्यक्ष पडद्यावर काय दिसते याला त्या मतांपुढे फारसे महत्त्वच उरले नाही. सत्यघटनांवर आधारलेले आणि समाजात दुफळी माजविणारे चित्रपट त्यानंतरही अनेक आले व यापुढेही येतील. त्यांच्यासंबंधी जे ग्रह वारंवार ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ रूप या एका प्रकरणात सापडते; म्हणून ते ग्रह एकेक घेऊन वस्तुस्थितीशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल.

गैरसमज : या चित्रपटावर सरकारने बंदी घातली होती.

वस्तुस्थिती : ‘बंदी’ या एका शब्दात जे कोंबले जाते, ते वस्तुतः निरनिराळ्या अधिकाऱ्यांचे, निरनिराळ्या कारणांसाठी दिलेले आणि परस्परांपासून भिन्न असे हुकूम होते. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यानुसार चित्रपटास प्रदर्शनाचा दाखला देण्याचे काम सेन्सॉर मंडळाचे. त्या मंडळाच्या पुनर्निरीक्षण समितीने १९९५ साली या चित्रपटास केवळ प्रौढांसाठीचा दाखला देण्याची तयारी दर्शविली, पण त्यासाठी अनेक दृश्ये कापण्याची व बदलण्याची अट घातली. निर्मात्यांनी या अटीविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या अध्यक्षतेखालील या न्यायाधिकरणात इतर तीन सदस्य स्त्रिया होत्या, आणि या चौघांनी एकमताने प्रौढांसाठीचा दाखला मंजूर केला. १९९६ च्या जानेवारीत चित्रपट प्रदर्शित झाल्यावर एका नागरिकाच्या अर्जावरून दिल्ली उच्च न्यायालयाने तो दाखला रद्द ठरविला; आणि १ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून दाखला पुन्हा कायम केला. म्हणजे मंडळाने कात्री सुचविली, न्यायाधिकरणाने मुभा दिली, एका न्यायालयाने ती काढून घेतली आणि वरिष्ठ न्यायालयाने ती परत दिली. कोणी, कोणत्या अधिकाराने व कोणत्या मुद्द्यावर मनाई केली हे विचारल्याखेरीज ‘बंदी’ या शब्दावर रागावणे किंवा संतोष मानणे, दोन्ही व्यर्थ होत. ज्या न्यायाधिकरणाने हा प्रश्न प्रथम सोडविला ते २०२१ साली बरखास्त करण्यात आले असून, मंडळाच्या निर्णयाविरुद्ध निर्मात्यास आता थेट उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो, हेही या ठिकाणी नमूद करणे आवश्यक आहे.

गैरसमज : चित्रपटाच्या आरंभीच ही सत्यकथा असल्याचे सांगितले आहे, तेव्हा त्यातील प्रत्येक प्रसंग तसाच घडला असला पाहिजे.

वस्तुस्थिती : चित्रपटास आधार आहे तो माला सेन यांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी चरित्रग्रंथाचा. फूलनदेवींना लिहिता-वाचता येत नव्हते. तुरुंगात असताना त्यांनी इतरांकरवी लिहवून घेतलेली जबानी, वृत्तपत्रांतील हकिकती, नातेवाइकांच्या व पोलिसांच्या मुलाखती, अशा अनेक आणि कित्येकदा परस्परविरुद्ध साधनांतून तो ग्रंथ सिद्ध झाला. निरनिराळ्या कैफियती शेजारी शेजारी मांडून निर्णय वाचकावर सोपविण्याची सवड ग्रंथकारास असते. चित्रपटास मात्र पडद्यावर एकच दृश्य दाखवावे लागते, आणि ते दाखविले की बाकीच्या कैफियती प्रेक्षकाच्या दृष्टीआड होतात.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे बेहमई. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी उत्तर प्रदेशातील कानपूरनजीकच्या या गावात २० पुरुषांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले; त्यांत बहुतेक ठाकूर होते. या हत्याकांडाचा आरोप फूलनदेवींवर होता; परंतु आपण स्वतः कोणावर गोळी झाडली, हे त्यांनी कधीही मान्य केले नाही. चित्रपट बनला व प्रदर्शित झाला तेव्हा त्या हत्याकांडाचा खटला निकालात निघालेला नव्हता. एका आरोपीस जन्मठेपेची शिक्षा झाली ती थेट २०२४ साली, म्हणजे घटनेनंतर ४३ वर्षांनी आणि स्वतः फूलनदेवींची हत्या होऊन २० वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर. जो प्रश्न न्यायासनापुढे इतकी वर्षे अनिर्णीत होता, त्याचे उत्तर दोन तासांच्या चित्रपटातून मिळाले असे समजणे हा प्रेक्षकाने स्वतःच्या विवेकावर केलेला अन्याय होय. सत्यकथेचा दावा चित्रपटकर्त्यावर अधिक मोठी जबाबदारी टाकतो. त्याने प्रेक्षकाची चौकशीची जबाबदारी संपत नाही.

गैरसमज : चित्रपटास विरोध करणारे सर्व एकाच विचाराचे, म्हणजे नग्नता पाहून बिथरलेले सोवळे लोक होते.

वस्तुस्थिती : विरोधाचे निदान तीन स्वतंत्र प्रवाह होते, आणि ते एकमेकांस मुळीच अनुकूल नव्हते. पहिला प्रवाह जातीच्या अभिमानाचा : ज्याच्या अर्जावरून दिल्ली उच्च न्यायालयाने दाखला रद्द केला, तो अर्जदार गुज्जर समाजाचा होता, आणि बाबू गुज्जर या दरोडेखोराच्या चित्रणाने आपल्या समाजाची बेअब्रू झाली ही त्याच्या तक्रारीतील एक प्रमुख बाब होती. दुसरा प्रवाह स्त्रीच्या प्रतिष्ठेची चिंता वाहणाऱ्यांचा : १९९४ साली, कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी मिळण्यापूर्वीच, अरुंधती रॉय यांनी या चित्रपटावर अत्यंत कठोर टीका केली. तिचा रोख शरीराच्या दर्शनावर नव्हता. जिवंत स्त्रीवर झालेला बलात्कार तिच्या संमतीवाचून पुन्हा उभा करण्याचा अधिकार कोणास आहे, आणि जमिनीच्या तंट्यात बलाढ्य नातेवाइकाशी झगडलेल्या फूलनला केवळ बलात्काराचा सूड घेणारी स्त्री या एका रूपात का कोंडावे, असे त्यांचे प्रश्न होते. तिसरा प्रवाह स्वतः फूलनदेवींचा; त्यांच्या हरकतीचा विचार पुढे केला आहे. या तिघांस एकाच गाठोड्यात बांधल्याने सर्वांत दुबळ्या आक्षेपाचे उत्तर देऊन सर्वांत बळकट आक्षेप टाळण्याची सोय होते, आणि त्या काळच्या वादविवादात नेमके तेच घडले.

समर्थकांचीही स्थिती वेगळी नव्हती. कित्येकांना फूलनच्या भूमिकेतील सीमा विश्वास यांच्या अभिनयाने हलवून सोडले. कित्येकांना खेड्यातील जातीचे क्रौर्य हिंदी चित्रपटात इतक्या उघडपणे प्रथमच दिसले. तर कित्येकांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व चित्रपटापेक्षाही मोलाचे वाटले. एकच विवेकी प्रेक्षक चित्रपटाच्या सामर्थ्याने भारावून जाऊन त्याच्या नैतिक अधिकाराविषयी साशंकही राहू शकतो, आणि अशा प्रेक्षकास दोहोंपैकी एका तटात ढकलण्याचे काहीही कारण नाही.

गैरसमज : सर्वोच्च न्यायालयाने दाखला कायम केला, अर्थात चित्रपट खरा आणि न्याय्य ठरला.

वस्तुस्थिती : सरन्यायाधीश अहमदी, न्यायमूर्ती भरूचा आणि न्यायमूर्ती किरपाल यांच्या पीठापुढे प्रश्न इतकाच होता की, न्यायाधिकरणाने दिलेला दाखला कायद्यास धरून आहे की नाही. न्यायमूर्ती भरूचा यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, चित्रपट तुकड्या-तुकड्यांनी न पाहता समग्र पाहिला पाहिजे. आणि फूलनला विवस्त्र करून गावातून फिरविण्याचे दृश्य कामवासना चाळविण्यासाठी घातलेले नसून, पीडितेविषयी करुणा आणि पीडकांविषयी किळस उत्पन्न करणारे आहे. हे विवेचन आजही मननीय आहे. परंतु बेहमईत काय घडले, चरित्रग्रंथाशी चित्रपट किती प्रामाणिक राहिला, किंवा फूलनदेवींच्या संमतीवाचून त्यांचे आयुष्य पडद्यावर मांडणे उचित होते काय, यांपैकी कशाचाही निवाडा त्या निकालात झालेला नाही. दाखला म्हणजे प्रदर्शनाची परवानगी. सत्यतेची सनद देण्याचा अधिकार मंडळासही नाही आणि न्यायालयानेही तो या प्रकरणात स्वतःकडे घेतला नाही.

गैरसमज : फूलनदेवी प्रसिद्ध व्यक्ती होत्या, त्यांच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

वस्तुस्थिती : या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच होय. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंड येथे शरण आल्यानंतर फूलनदेवी ११ वर्षे खटला न चालता तुरुंगात राहिल्या आणि १९९४ साली सुटल्या. त्याच वर्षी त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि डिसेंबरात न्यायालयाने चित्रपटाच्या प्रदर्शनास अंतरिम मनाई केली. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल प्रकरणी असे तत्त्व घालून दिले होते की, सार्वजनिक दफ्तरात आलेली माहिती संबंधिताच्या संमतीवाचून प्रसिद्ध करण्यास हरकत नाही. मात्र लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीचे नाव व तिच्यावर गुदरलेला प्रसंग प्रसिद्ध करून तिची पुन्हा विटंबना होऊ नये, हा या नियमास अपवाद होय. पुढे उभयपक्षी तडजोड झाली, मोबदला ठरला आणि फूलनदेवींनी दावा मागे घेतला. त्यामुळे त्यांच्या हरकतीवर अखेरचा न्यायनिर्णय कधीच झाला नाही. ती फेटाळली गेली असे सांगणे असत्य आहे. ती पोकळ होती असे सांगणे अन्यायाचे आहे.

गैरसमज : दंगा होण्याची भीती असली की चित्रपट थांबविणे हाच शहाणपणा.

वस्तुस्थिती : या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच प्रदेशाचा वारसा उपयोगी पडतो. एखाद्या लिखाणाचा परिणाम जोखताना, प्रत्येक प्रतिकूल मतात संकटाचा वास घेणाऱ्या दुर्बळ मनाच्या माणसाची कसोटी न लावता विवेकी, खंबीर व धीट माणसाची कसोटी लावावी, असे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली प्रतिपादिले. फाळणीच्या दंगलींवरील ‘तमस’ ही गोविंद निहलानी यांची दूरदर्शन-मालिका थांबविण्याचा प्रयत्न १९८८ साली झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका संपूर्ण पाहिली आणि मगच ती दाखविण्यास मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरताना नागपूरच्याच कसोटीचा आधार घेतला. पुढे १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, निदर्शनांची वा हिंसेची धमकी दिली गेली म्हणून राज्यसंस्थेने अभिव्यक्तीचा हक्क दडपू नये. त्या हक्काचे रक्षण करणे हे तिचे कर्तव्य आहे.

प्रदर्शन लांबणीवर टाकण्यास सबळ कारण कधीच नसते, असा याचा अर्थ नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट खटल्याचा निर्णय होईपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाने रोखून धरला आणि तो २००७ साली प्रदर्शित झाला. तेथे विचार जमावाच्या रोषाचा नव्हता. आरोपींस निःपक्षपाती न्याय मिळावा याचा होता. या दोन कारणांतील भेद ज्यास उमगला, त्यास या विषयाचे मर्म उमगले.

सत्यघटनेवरील चित्रपट पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाने तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत : हे असेच घडले काय, हे दाखविण्याची कायद्याने मुभा आहे काय, आणि ज्यांच्या आयुष्याची ही कथा आहे त्यांना हे न्याय देते काय. ‘बँडिट क्वीन’च्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले आणि ते योग्य दिले, पहिल्याचे उत्तर चित्रपटात शोधणे चुकीचे आहे, आणि तिसऱ्याचे उत्तर देण्याचा प्रथम अधिकार फूलनदेवींचा होता, जो त्यांना पुरतेपणी वापरू दिला गेला नाही. १९९६ साली त्या मिर्झापूरहून लोकसभेवर निवडून आल्या, त्याच वर्षी त्यांनी सांगितलेले आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत घरासमोर त्यांची हत्या झाली. वाचकांस विनंती एवढीच की, असा कोणताही चित्रपट डोक्यावर घेण्यापूर्वी किंवा धिक्कारण्यापूर्वी तो आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः पाहावा, आणि ज्याची ती कथा आहे त्याचे स्वतःचे म्हणणे उपलब्ध असेल तर ते वाचल्यावाचून आपला अभिप्राय पक्का करू नये.