अमेरिकेत बंदूक विकताना तपासणी होते, मग ती घरात कशी ठेवायची हे कोण ठरवतं?

३० नोव्हेंबर २०२१. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार केला. त्यात चार विद्यार्थ्यांचा जीव गेला. त्याच्या हातातलं पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी दुकानातून रीतसर विकत घेतलं होतं.

अशा घटनांनंतर 'बंदूक विकली कुणी?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. इथे विक्री कायदेशीर होती. खरा प्रश्न होता, घरातलं पिस्तूल मुलाच्या हाती लागलंच कसं?

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराला अल्पवयीन मुलांना बंदूक विकता येत नाही. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जाते. २००५ च्या कायद्यानुसार पिस्तुलासोबत कुलूप किंवा तसंच एखादं सुरक्षा साधन देणंही दुकानदाराला बंधनकारक आहे.

पण ते कुलूप लावायचं की खणात टाकून द्यायचं, हे मालकाच्या मर्जीवर. घरातली बंदूक कुलूपबंदच ठेवा, अशी सक्ती करणारा देशव्यापी कायदा नाही. काही राज्यांनी आपापले नियम केले आहेत, पण ते सारखे नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक मालकाच्या ताब्यात नसेल तर ती कुलूपबंद हवी. इतर अनेक राज्यांत एवढी सक्ती नाही.

कुलपाने खरंच फरक पडतो?

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ दरम्यान शाळांमध्ये झालेल्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्या हल्ल्यांत बंदूक वापरली गेली, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांत ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आली होती.

शाळेतल्या हल्ल्यांची बातमी होते, पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. खचलेल्या किशोरवयीन मुलासाठी उघडं कपाट आणि बंद तिजोरी यात जगण्या-मरण्याचा फरक असू शकतो. मुलांपासून बंदूक दूर ठेवायला लावणाऱ्या कायद्यांमुळे तरुणांच्या आत्महत्या आणि अपघाती गोळ्या लागण्याचं प्रमाण कमी होतं, असं 'रँड' या संशोधन संस्थेने केलेल्या पुराव्यांच्या आढाव्यात दिसून आलं.

मग विरोध कशासाठी?

विरोधकांचा मुद्दा सरळ आहे. रात्री चोर शिरला तर कुलूप उघडायला वेळ कुठे असतो? शिवाय संविधानातली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते.

२००८ च्या 'हेलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनचा एक नियम रद्दही केला. घरातली बंदूक सुटी करून किंवा कुलूप लावूनच ठेवा, असा तो नियम होता. स्वसंरक्षणाच्या वेळीही ती वापरता येणार नाही, अशी त्याची रचना होती. मात्र अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे नियम या निकालामुळे बाद होत नाहीत, हेही न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केलं. शिवाय बोटाच्या ठशाने काही सेकंदांत उघडणाऱ्या तिजोऱ्या आज बाजारात आहेत.

ऑक्सफर्डनंतर काय बदललं?

हल्लेखोर मुलाच्या आई-वडिलांना २०२४ मध्ये मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवून प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी अमेरिकेत पालक असे दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये नवा कायदा लागू झाला. घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलूपबंद ठेवावीच लागते.

शिक्षा गोळी सुटल्यानंतर होते, कुलूप मात्र ती सुटण्याआधी लावता येतं. म्हणूनच हा नियम देशभर हवा. शेजारच्या राज्यात राहायला गेलं म्हणून मुलाची सुरक्षितता बदलता कामा नये.

अमेरिकेत हजारो मराठी कुटुंबं राहतात. मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल, तर तिथल्या पालकांना जरूर विचारा: "तुमच्या घरी बंदूक आहे का? असेल तर ती कुलपात आहे ना?" तिथले बालरोगतज्ज्ञही हेच सुचवतात. विचारताना थोडं अवघडल्यासारखं वाटेल, पण घरात कुत्रा आहे का हे जसं विचारतो, तसंच हेही विचारायचं.