गावाचे ऊन, गावाची वीज

शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याची रीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याने रब्बीचा हरभरा भिजविण्यासाठी विंचूसापांचे भय पत्करून रात्र जागवावी आणि दिवसा त्याच्याच शिवारावर तळपणारे ऊन वाया जावे, ही विपरीत स्थिती होय. ती पालटण्यासाठी राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आरंभिली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारून त्याची वीज दिवसा शेतीपंपांना पुरवावी, असा तिचा हेतू आहे. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

तथापि एक प्रश्न विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. प्रकल्प मात्र उभारणाऱ्या कंपनीचा. जमीन गावची, ऊन गावचे आणि गाव केवळ भाड्याचा धनी! गावाने भागीदार का होऊ नये? ग्रामीण वीजवितरणाचे व्यवस्थापन पंचायती, ग्राहकसंघ व सहकारी संस्था यांच्यामार्फत व्हावे, या धोरणाचा उल्लेख २००३ च्या विद्युत कायद्याच्या पाचव्या कलमातच आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगननजीकच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी सुमारे साडेआठ हजार भागधारकांच्या सहकारी संस्थेने घेतली.

महाराष्ट्रालाही हा विचार अपरिचित नाही. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या पहिल्या पाच प्रायोगिक सहकारी संस्थांपैकी एक, मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, श्रीरामपूर परिसरात उभी राहिली आणि तिने सुमारे चार दशके वीज वाटली. परंतु विकत घेतलेल्या विजेच्या देण्याचा डोंगर वाढत गेला आणि २०११ मध्ये वितरणाचे काम महावितरणकडे गेले. यावरून सहकार व्यर्थ ठरला, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. हिशेबावाचून मालकी टिकत नाही, एवढाच बोध घेतो.

म्हणून आरंभ लहान असावा. नळयोजनेचा पंप, शाळा आणि रस्त्यावरील दिवे एवढ्यापुरता एखाद्या गावाने स्वतःचा सौर संच उभारावा. ग्रामस्थांनी भाग घ्यावेत. दुरुस्तीचा निधी आधी बाजूला काढावा आणि जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला जावा. ज्या जिल्ह्याने १९८६ साली बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था उभी केली, त्याला भांडवल एकत्र करण्याची विद्या नव्याने शिकविण्याची गरज नाही. उणीव आहे ती जाणत्या साहाय्याची. बुलढाणा, खामगाव, मलकापूर येथील अभियंते, वकील व हिशेबनीस यांनी महिन्यातील एक रविवार जवळच्या गावाला दिला, तर ती भरून निघेल. ऊन सर्वांना फुकट मिळते; त्यावरील हक्क मात्र कष्टाने आणि चोख हिशेबानेच मिळवावा लागतो.