धार लावणाऱ्यांना कायद्याचे बळ हवे

सोयाबीनची सोंगणी जवळ आली की चिखली, मेहकर, लोणार भागात घरोघरचे विळे बाहेर निघतात. बोथट विळ्याने राबणाऱ्या मजूर बाईचे मनगट सुजते आणि उक्ते घेतलेले काम मागे पडते. म्हणजे विळ्याची धार हा मजुरीचाच प्रश्न आहे. पण ती धार लावणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न कोणी विचारला आहे काय?

शिकलगार म्हणजे शस्त्रांना झिलई करणारा. राजेरजवाडे गेले, 1878 चा शस्त्र कायदा आला आणि तलवारी पाजवणारा हात सुऱ्या, कात्र्या, विळे पाजवू लागला. महाराष्ट्राच्या यादीत शिकलगार आणि घिसाडी हे दोन्ही भटक्या जमाती 'ब' गटात येतात. या गटाला 2.5 टक्के आरक्षण आहे. परंतु दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. गावोगाव फिरलेल्या आजोबाचा कागद नातवाने कोठून आणावा?

आता विजेवर फिरणारा सँडर बाजारात आला आहे. खरखरीत पट्टा दोन चाकांवर वेगाने फिरतो, पायाने चाक मारण्याचे कष्ट वाचतात. मात्र यंत्र घेतले म्हणजे कसब आले असे नाही. पात्याची कडा तापून निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले समजावे. मग धार टिकत नाही. म्हणून हात हलका हवा, पाते घडोघडी पाण्यात बुडवावे, आधी 120 नंबरचा आणि नंतर 400 नंबरचा पट्टा वापरावा. पट्टा धारेवर चालून येता कामा नये, नाहीतर पाते रुतून उडते. डोळ्याला चष्मा आणि नाकातोंडाला फडके हवेच.

बाबासाहेबांचा यंत्राला विरोध नव्हता. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, ही भूमिका त्यांनी 1945 च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना मांडली. यंत्र माणसाला फुरसत देते. ती फुरसत कोणाच्या वाट्याला येते हा खरा प्रश्न.

सँडरला वीज लागते, विजेला बसायची एक जागा लागते. इथे कायदा कामी येतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात माल विकणाऱ्याबरोबर सेवा देणाराही पथविक्रेता मानला आहे. प्रमाणपत्राच्या अटी पाळणाऱ्याला पोलीसही अडवू शकत नाहीत, असे त्याचे कलम 27 सांगते. दुसरी भीती शस्त्र कायद्याची. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत येते. परंतु घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. गिऱ्हाइकाचे विळे, कोयते पिशवीत नेणारा माणूस गुन्हेगार नाही.

नगरपरिषदांनी पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात धार लावणाऱ्यांची नोंद करावी. तालुक्याच्या वकिलांनी दाखल्यांच्या अर्जांना हात लावावा. आणि शिकलगार, घिसाडी बांधवांनो, मुलाला सँडर जरूर शिकवा. पण त्याआधी शाळेत पाठवा. धंदा त्याने निवडलेला असावा, जातीने गळ्यात बांधलेला नसावा.