नगरदृश्यचित्रातील मानवाकृती : समावेश की वर्जन?
(पिंपळगाव बसवंतच्या बाजारदृश्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
नगरदृश्य रंगविणाऱ्या चित्रकाराने घरे, रस्ता, झाडे व आकाश यांची मांडणी पूर्ण केली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. या चित्रात माणसे घालावीत की नाहीत? वरवर पाहता हा प्रश्न तंत्राचा वाटतो. तथापि चित्राचा विषय वास्तू आहे की वस्ती, हे त्याच्या उत्तरावर ठरते. प्रस्तुत लेखात मानवाकृतीची कार्ये, काही प्रसिद्ध चित्रकारांचे निर्णय आणि निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत या बाजारपेठेचे उदाहरण यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मानवाकृतीची कार्ये :
मानवाकृती प्रथमतः मोजमाप देते. दाराशेजारी माणूस उभा केला की दार, वाडा व रस्ता यांची उंची-रुंदी प्रेक्षकाला आपोआप कळते. दुसरे कार्य खोलीचे. सपाट जमिनीवर उभे राहून पाहिले असता, चित्रकाराच्याच उंचीची जवळची व दूरची माणसे लहान-मोठी दिसली तरी सर्वांची डोकी क्षितिजरेषेलगत येतात. चित्रकार स्टुलावर बसला तर तीच रेषा त्यांच्या छातीच्या आसपास जाते. गच्चीवरून पाहिल्यास डोकी तिच्या खाली राहतात. हा नियम चुकला की एक माणूस राक्षस व दुसरा बाहुला होतो. तिसरे कार्य लक्ष वेधण्याचे. कितीही लहान असली तरी मानवाकृतीकडे दृष्टी आधी जाते. म्हणूनच नको तेथे घातलेली आकृती संपूर्ण रचना बिघडवते.

वर्जनाची उदाहरणे :
डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘डेल्फ्टचे दृश्य’ (सुमारे 1660-61) या चित्रात अग्रभागी दोन स्त्रिया दिसतात. त्यांच्या उजवीकडे आधी एक पुरुष रंगविला होता व नंतर तो झाकण्यात आला, असे क्ष-किरण तपासणीत आढळले. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याने ‘अर्ली संडे मॉर्निंग’ (1930) मधील वरच्या खिडकीतील आकृती अशीच पुसून टाकली. त्या रस्त्यावरील रविवारची निःशब्दता त्यामुळे अधिक गडद झाली. दोन्ही चित्रकारांनी आकृती घालून पाहिली आणि मगच काढली.

याउलट 1838 मध्ये दागेर याने टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्याच्या छायाचित्रात गर्दी नाहीशी झाली, ती केवळ प्रकाशनाचा काळ दीर्घ असल्यामुळे. बूट पुसून घेत एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. रिकामा दिसणारा रस्ता रिकामाच असतो असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

समावेशाची उदाहरणे :
मराठी प्रदेशात सुधीर पटवर्धन (जन्म 1949) यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे आहे. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेल्या या चित्रकाराच्या ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) सारख्या आरंभीच्या चित्रांत माणूस प्रमुख आहे. ‘टाऊन’ (1984), ‘लोअर परळ’ (2001) अशा चित्रांत शहराचा विस्तार वाढत गेला. त्यांच्या शहरचित्रांत माणूस सजावटीसाठी येत नाही. शहर उभारणारा व त्यात श्रमणारा म्हणून तो येतो.

पिंपळगाव बसवंतचे उदाहरण :
मुंबई-आग्रा महामार्गावरील हे गाव कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. लिलावाच्या वेळी बाजार समितीचे आवार रंगवायचे झाल्यास वाहनांच्या रांगा, बोली लावणारे व्यापारी, भावाकडे कान लावून उभे असलेले शेतकरी आणि माल हलविणारे हमाल हाच विषय असतो. माणसे वगळली तर पत्र्याच्या शेड व वाहने उरतील. ज्या क्षणी हंगामाच्या कष्टाचे मोल ठरते, तो क्षण मात्र चित्रातून निसटेल. याच गावातील उन्हाळी दुपारच्या गल्लीत मात्र बंद दारे व भिंतीवर सरकणारी सावली एवढेच पुरेसे असते. तेथे ‘जिवंतपणा’ म्हणून घातलेली डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री हा निव्वळ साचा ठरतो. माणसे वगळण्यात जसा श्रमणाऱ्यांचा विसर पडण्याचा धोका आहे, तसाच त्यांना शोभेची वस्तू करण्यातही आहे.

निर्णयाची पद्धती :
निर्णयाची वेळ माध्यमानुसार बदलते. तैलरंगात आकृती नंतर झाकता येते. पारदर्शक जलरंगात पांढऱ्या सदऱ्यासाठी किंवा टोपीसाठी कागद आधीच कोरा राखावा लागतो. गडद आकृती मात्र थर वाळल्यावर घालता येते. म्हणून छोट्या कच्च्या रेखाटनातच निर्णय घेणे इष्ट होय. कागदाची आकृती कापून चित्रावर ठेवून पाहणे ही सोपी कसोटी आहे. ती उचलल्यावर चित्राचा अर्थ उणा होत असेल तर आकृती आवश्यक. केवळ जागा मोकळी झाल्यासारखी वाटत असेल तर ती अनावश्यक. समावेश ठरल्यास आकृतीची सावली इमारतींच्या सावलीच्याच दिशेने पडावी आणि तिची हालचाल त्या ठिकाणच्या कामाशी सुसंगत असावी.

समारोप :
सारांश, मानवाकृती घालावी की नाही याला सार्वत्रिक नियम नाही. विद्यार्थ्याला ‘माणसे घाल’ किंवा ‘माणसे काढ’ असे सांगण्याऐवजी, हे स्थळ कोणामुळे असे दिसते, हा प्रश्न विचारण्यास शिकविणे अधिक उपयुक्त ठरेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याला बाजारात जाऊन थांबावे लागेल. आणि निरीक्षणाची ही सवय हेच कलाशिक्षणाचे खरे फलित होय.