शंभरातले सोळा

धातूंची ऑक्साइडं भंडारा जिल्ह्याला नवी नाहीत. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलसाठी जातं. कवेलू भट्टीतून लाल होऊन निघतं, तेही मातीतल्या लोहाचं हेमॅटाइट होतं म्हणूनच. इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही तेच हेमॅटाइट काचेवर चढवतो. जाडी साधारण ७० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतकी.

आधी काच साबणाने आणि ॲसिटोनने धुवायची. पाण्याचा थेंब गोळा न होता पसरला, तरच ती स्वच्छ. आयर्न इथाइलहेक्झानोएट झायलीनमध्ये विरघळवलं की तपकिरी द्रावण मिळतं. त्याचे चार थेंब काचेवर टाकून ती मिनिटाला ३००० फेऱ्यांनी अर्धा मिनिट फिरवायची. जास्तीचं द्रावण कडेने उडून जातं. मग १५० अंशांच्या हॉटप्लेटवर झायलीन उडवायचं.

खरी कसोटी भट्टीत लागते. या संयुगाच्या १०० ग्रॅममधून जेमतेम १६ ग्रॅम ऑक्साइड उरतं. बाकीचं सेंद्रिय द्रव्य वाफ, धूर आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. बहुतेक २०० ते ४०० अंशांच्या दरम्यान. घाई केली तर वरची साय आधी कडक होते, खालचा वायू ती फोडून बाहेर पडतो आणि थर तडकतो. म्हणून तापमान मिनिटाला दोनच अंशांनी चढवायचं. ५०० गाठायला चार तास जातात, शिवाय तिथे तासभर मुक्काम. भट्टीचा झरोका उघडा हवा. हवा कमी पडली की कार्बन मागे राहून थर काळवंडतो. ५५० च्या पुढे गेलं की साधी काचच वाकायला लागते. भट्टी बंद केल्यावरही दार लगेच उघडायचं नाही, नाहीतर गरम काच तडकते.

गार झालेली काच पिवळसर-नारिंगी दिसते. थरावर थर दिले की तांबूस होत जाते, कारण हेमॅटाइट निळा-हिरवा प्रकाश शोषतं आणि लाल जाऊ देतं. त्यावर चिकटपट्टी दाबून ओढायची. पट्टी कोरी निघाली, तर थर पक्का.

सूर्यप्रकाशात पाण्याचं विघटन करायला असे थर वापरतात. जाड थर प्रकाश जास्त शोषतो खरा, पण हेमॅटाइटमधला धनभार काही नॅनोमीटरच सरकू शकतो. खोलवर तयार झालेला भार पाण्यापर्यंत पोचण्याआधीच संपतो. एवढा पातळ थर लागतो तो त्यामुळेच.