जनरल मॅनेजर : मालकाच्या नजरेपलीकडचा कारभारी

पेढीवरचा मुनीम आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो चोपड्या लिही, वसुली पाही. निर्णय मात्र शेटजींचा. जनरल मॅनेजर म्हणजे मोठ्या पगाराचा मुनीम, अशी आपण समजूत करून घेतो. ती खरी नव्हे. दुसऱ्याच्या भांडवलावर स्वतःच्या बुद्धीने अधिकार चालविणारा हा माणूस मुख्यतः रेल्वेने घडविला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वेस्टर्न रेलरोडवर ५ ऑक्टोबर १८४१ रोजी दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एक गार्ड आणि एक प्रवासी ठार झाले. रूळ एकेरी, गाड्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या. अशा मार्गावर कोणाचा हुकूम कोठवर चालावा, हे नीट ठरलेलेच नव्हते. चौकशीनंतर कंपनीने मार्गाचे विभाग पाडले व प्रत्येक अधिकाऱ्याची जबाबदारी आखून दिली. पुढे १८५५ च्या सुमारास ईरी रेल्वेचा अधीक्षक डॅनियल मॅकॅलम याने यातले मर्म मांडले. पन्नास मैलांचा मार्ग एका माणसाला जातीने पाहता येतो. पाचशे मैलांचा पाहता येत नाही. तेथे कोणी कोणाला जाब द्यावा, याची रीतसर रचनाच हवी.

आपल्याकडेही रेल्वेतला माणूस गिरणीत आला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू केली आणि कारभार सोपविला बेजनजी मेहतांवर. ते जी. आय. पी. रेल्वेतले, सूतकताईचा त्यांना गंध नव्हता! यंत्रांसाठी जेम्स ब्रूक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ होता. म्हणजे 'जनरल' या शब्दाचा अर्थ जमशेटजींना नेमका कळला होता. चाती फिरविणारे निराळे, सर्वांचा मेळ घालणारा निराळा.

मुंबईत चित्र वेगळे होते. तेथे गिरणीवर सत्ता असे मॅनेजिंग एजंट पेढीची. पुष्कळ एजंट उत्पादनावर पौंडामागे पाव आणा कमिशन घेत. गिरणीला नफा होवो वा तोटा, माल निघाला की एजंटाचे पैसे पिकले! अशा ठिकाणी पगारी मॅनेजरने, "बाजार मंद आहे, उत्पादन आवरा," असे सांगावयाचे कोणाला? भागधारकांचा पैसा बुडे, तो अशा वेळी.

ही एजन्सी पद्धत १९६९ च्या कायद्याने, ३ एप्रिल १९७० पासून, बंद झाली. कागदोपत्री सत्ता संचालक मंडळाकडे आली. कित्येक कंपन्यांत मात्र जुन्या एजंटाच्याच घरातली माणसे मॅनेजिंग डायरेक्टरच्या खुर्चीवर बसली.